चाखल्याशिवाय पाटी नाही

माझे सासरे पाट्या रंगवतात. हॉटेलं, खानावळी, बेकऱ्या, चहाच्या टपऱ्या, जिथे म्हणून माणूस पैसे देऊन तोंड हलवतो तिथल्या. कापडाच्या दुकानाची पाटी ते घेत नाहीत, दवाखान्याची तर नाहीच. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टरचं औषध आधी मी घेऊन बघू का?"

कारण त्यांचा नियमच तसा आहे. ज्या पदार्थाचं नाव पाटीवर लिहायचं, तो आधी खायचा. मालकाने आग्रह करून दिलेला वाटीभर नमुना नाही, तर गिऱ्हाईकासारखं टेबलाशी बसून, पूर्ण ताट. मग पसंत पडलं तरच रंगाच्या डब्याचं झाकण उघडायचं. नाही पडलं तर काळ्या रंगाचं अस्तर मारून ठेवलेली पाटी तशीच सोडून निघायचं. मजुरी नको, अस्तराचे पैसेही नकोत. आमच्या गावात म्हणूनच कोरी काळी पाटी लटकलेली दिसली की लोक आत शिरत नाहीत. म्हाताऱ्याने चाखलं आणि उठून गेला, एवढं त्यांना कळतं.

आता तुम्ही म्हणाल, फ्लेक्सच्या जमान्यात हे नखरे कोण सहन करतं? मलाही तसंच वाटायचं. बाजारात अर्ध्या तासात हवी तेवढी मोठी पाटी छापून मिळते, वर वाफाळत्या ताटाचा फोटोसुद्धा. पण फोटो सगळ्यांच्याच ताटांचे वाफाळतात. सासऱ्यांच्या हातच्या अक्षरांना खाली किंचित पोट असतं, तेही जेवून उठल्यासारखं, आणि ते अक्षर दिसलं की परगावचा ट्रकवालासुद्धा ब्रेक मारतो.

माझी त्यांची पहिली भेट ठरवून झालेली. मुलीला मागणी घालायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, "जेवून आलात?" मी आपला भिडेपोटी म्हणालो, "नाही, तसं काही नाही." ते जरा पुढे वाकले आणि म्हणाले, "तोंडाला कच्च्या कांद्याचा वास येतोय. कोपऱ्यावरच्या खानावळीतला आहे, तो कांदा जाड चिरतो." मी रुमाल तोंडाशी नेला. मग म्हणाले, "हे बघा, माझ्याशी खाण्याबद्दल खोटं बोलायचं नाही. बाकी कशाबद्दल बोला, माझं काही म्हणणं नाही." लग्न ठरलं ते असं.

मी वीज कंपनीत आहे, घरोघरी मीटर वाचतो. रविवारी सुट्टी. गेली नऊ वर्षं माझे रविवार सासऱ्यांची शिडी धरण्यात गेलेत. पुढे ते स्कूटर चालवणार, मागे मी, माझ्या मांडीवर रंगाचे डबे, बगलेत ब्रशांची पिशवी आणि रंगवताना हात टेकवायची त्यांची ती काठी. आसपासच्या चाळीस-पन्नास मैलांत असा रस्ता नाही की ज्यावर मी त्यांच्यासोबत जेवलो नाही. माझ्या पट्ट्याला दोन भोकं वाढवून घ्यावी लागली ती त्यांच्यामुळेच, पण बायको ऐकून घेत नाही.

नदीच्या धक्क्यावर एक माशांचं हॉटेल आहे. मालक आडदांड, हातात सोन्याचं कडं. त्याला पाटीवर हवं होतं "ताजा मासा". सासरे जेवले, हात धुतले, आणि तासाभरात सुरेख निळ्या अक्षरांत "मासा" एवढंच लिहून खाली उतरले.

"आणि 'ताजा' कुठंय?" मालक ओरडला.

"ताटातही नव्हता," सासरे म्हणाले आणि ब्रश पुसायला लागले.

मी शिडी घडी करून पळायच्याच बेतात होतो. पण मालक बघतच राहिला. दोन महिन्यांनी त्याने माणूस पाठवून पुन्हा बोलावलं. तेव्हाचा मासा मात्र खरोखर सकाळचा होता. सासऱ्यांनी तो शब्द आधीच्या शब्दापेक्षा मोठा काढला आणि जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

घाटाच्या वळणावर एक बाई टपरी चालवायची. तिच्याकडे ऑम्लेट आणि पाव, तिसरी गोष्ट नाही. तिने पाटी सांगितली ती एका शब्दाची. सासऱ्यांनी दोन ऑम्लेटं खाल्ली, मला एकच खाऊ दिलं, आणि "ऑम्लेट" लिहून झाल्यावर न विचारता खाली आणखी एक शब्द काढला: "थांबा." एवढा थोरला, की बाई घाबरली. म्हणाली, "अहो, पोलीस येतील." पोलीस आले. तेही थांबले आणि खाऊन गेले.

आणि ते नवं एसी हॉटेल, पांढऱ्या टोपीवाल्या आचाऱ्याचं, एकशे बारा पदार्थ असलेलं! सासरे म्हणाले, एकशे बारा लिहायचे तर एकशे बारा खाणार. चौथ्या रविवारी मालकाने हात जोडले आणि तो फ्लेक्सवाल्याकडे गेला. त्या चार दिवसांची मला अजून आठवण येते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता जे सांगणार आहे ते कळायला हा माणूस कसा आहे ते माहीत हवं. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी न चाखता एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. आणि लिहिलं, तेव्हा नेमकं स्वतःच्या मुलीच्या पाटीवर लिहिलं.

माझी बायको विमा कार्यालयात होती. तिला स्वयंपाकाचं वेड, पण घरच्या चार माणसांत ते मावेना. गेल्या वर्षी तिने नोकरी सोडली. बाजार समितीने नव्या इमारतीतला एक गाळा राखून ठेवला होता. नदीकाठच्या मैदानात दरवर्षी तीन दिवसांचा खाद्यमेळा भरतो. त्यात पहिल्यांदा ठेला लावणाऱ्यांपैकी ज्याच्याकडे गिऱ्हाईक तिन्ही दिवस टिकेल, त्याला तो गाळा मिळायचा होता. नाही मिळाला तर ती दुसरी नोकरी शोधणार, हे आमचं बोलून झालेलं. ती बोलली शांतपणे. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून पडली होती.

तिने दोनच गोष्टी ठरवल्या: भोपळ्याचं सूप आणि पाव. पाव तिचा स्वतःचा, घरच्या भट्टीत भाजलेला, वरून कडक आणि आतून ओलसर. ठेल्याचा नंबर सतरा. मदतीला दोन दिवसांची रजा काढून मी, आणि सासूबाई.

सासूबाई फार बोलत नाहीत. घरातलं सगळं बोलणं सासऱ्यांनी खाऊन टाकलंय, असं मी गमतीने म्हणतो. सकाळपासून त्या मागे स्टुलावर बसून पाव कापत होत्या.

मेळ्याच्या पाट्या सासरेच करतात, पाण्याने धुऊन निघणाऱ्या रंगात. शुक्रवारी पहाटेपासून ते ठेल्याठेल्यावर खात, लिहीत फिरत होते. अकराला मेळा उघडायचा. सव्वादहाला बायको नळावरून पाण्याची बादली घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. आमची पाटी तयार होती. इतकी सुंदर पाटी मी त्यांच्या हातची पाहिली नव्हती. केशरी अक्षरं, त्यांना पिवळी सावली: "भोपळ्याचं सूप, ताजा पाव. जरूर या."

बायको हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

"आई, बाबांनी चाखलं कधी?"

सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. सूप घोटून जेमतेम दहा मिनिटं झाली होती, झाकणही काढलं नव्हतं. शिवाय "जरूर" हा शब्द त्या माणसाने जन्मात कोणाच्या पाटीवर लिहिला नव्हता.

सासरे शेजारच्या ठेल्यापाशी उगाच काहीतरी पुसत उभे होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही न चाखता लिहिलंत?"

"चांगलंच असणार. तू केलंयस ना."

"त्या मासेवाल्याचंही चांगलंच असणार म्हणून लिहिलंत का कधी?"

"तो परका माणूस."

"म्हणजे परक्याचं तुम्ही खाऊन बघता. आणि माझं बघवत नाही तुम्हाला. मला पास करून टाकलंत, पेपर न वाचता!"

 बायको परत आली, बादलीत फडकं पिळलं आणि शिडीवर चढून ती सुंदर पाटी वरपासून खालपर्यंत पुसून काढली. मी "अगं, अगं" करत राहिलो. केशरी पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. मागे राहिली ती कोरी काळी पाटी.

"आता हे काय?" मी म्हणालो. "गाव याचा काय अर्थ लावतं, माहितीये ना?"

"माहितीये. राहू दे."

अकरा वाजले, फाटक उघडलं. माणसं लोंढ्याने आत आली. सोळा नंबरला रांग, अठरा नंबरला रांग. आमच्यासमोर लोक यायचे, वर बघायचे आणि चेहऱ्यावर हळहळ आणून पुढे जायचे. "अरेरे, स्वतःच्या मुलीलासुद्धा!" असं एका बाईने नवऱ्याला सांगितलं, आम्हाला ऐकू येईल इतक्या हळू. बाजार समितीच्या अध्यक्षीणबाई वही घेऊन आल्या, कोऱ्या पाटीकडे बघितलं, काहीतरी टिपलं आणि निघून गेल्या. बायको ताठ उभी, सुपात पळी फिरवत. मला असा संताप आला की विचारू नका. तिच्यावर आला, म्हाताऱ्यावर आला, त्या वहीवर आला. पण माझ्या संतापाला घरात कोणी विचारत नाही, म्हणून मी सासऱ्यांना शोधायला निघालो.

ते पाण्याच्या टाकीमागे, पालथ्या बादलीवर बसले होते. स्वच्छ धुतलेले ब्रश पुन्हा धूत होते.

"बाबा, अध्यक्षीणबाई येऊन गेल्या. तिचा गाळा जाईल. चला आणि चाखा."

"नाही चाखणार."

"का पण?"

बराच वेळ ते ब्रशाच्या केसांतून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला भीती वाटते, जावईबापू."

या माणसाने सोन्याच्या कड्यावाल्यासमोर डोळ्यांची पापणी हलवली नव्हती. मी शेजारी मातीतच बसलो.

"तिच्या आईने एकदा खानावळ काढायची ठरवली होती," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली. खोली घेतली होती, सहा टेबलं आणली होती. पाटीला अस्तर मारून ठेवलं होतं मी. तिने माशाचा रस्सा केला. मी चाखला आणि म्हणालो, मासा जास्त शिजलाय, लिहिणार नाही. जे सगळ्यांना सांगतो तेच तिला सांगितलं. तिने खोली सोडून दिली. पुन्हा कधी विषय नाही काढला. आता या पोरीचं सूप बरं नसलं तर? मला खोटं बोलता येत नाही. आणि खरं बोललो की काय होतं ते मी रोज घरात बघतोय."

मी त्यांचा हात धरून उठवलं आणि जवळजवळ ओढतच सतरा नंबरला आणलं. वाटेत ते दोनदा थांबले.

सासूबाईंनी आमच्याकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली. "काय सांगत होते तुम्हाला?"

माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा जुना दोष. मी सगळं सांगून टाकलं. मासा, खोली, सहा टेबलं, सगळं. बायको ऐकतच राहिली. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

सासूबाई पदराला हात पुसत उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"अहो, मासा जास्तच शिजला होता. मला काय जीभ नव्हती? तुम्ही खरं बोललात म्हणून मी खोली सोडली, असं वाटलं तुम्हाला?"



"दुसऱ्या दिवशी मी परत केला. पहाटे धक्क्यावर जाऊन मासा आणला. दुपारी केला, झाकून ठेवला. संध्याकाळपर्यंत बसले वाट बघत. तुम्ही आलाच नाहीत. कुठे होतात?"

"दुसऱ्या गावाला," ते पुटपुटले. "हॉटेलच्या पाटीचं काम होतं."

"हो. तिथे चाखत होतात. माझं एकदा चाखलंत, नापास केलंत, आणि तुमच्या लेखी विषय संपला. त्या मासेवाल्याकडे मात्र दोन महिन्यांनी परत गेलात." एवढं बोलून त्या पुन्हा स्टुलावर बसल्या आणि पाव कापायला लागल्या. सुरी वाकडी पडत होती. मी त्यांच्या हातातून काढून घेतली.

सासऱ्यांचा चेहरा मला बघवेना. सव्वीस वर्षं माणूस एका चुकीची शिक्षा भोगत होता आणि चूक भलतीच निघाली. ते मग वळून कूपन घ्यायच्या खिडकीवर गेले, कूपन घेऊन आले आणि आमच्या ठेल्यासमोर, जिथे रांग असायला हवी होती तिथे एकटेच उभे राहिले.

बायकोने वाटी भरली, पाव ठेवला. बाकड्यावर बसून ते खाऊ लागले. आजूबाजूची माणसं थबकली. सोळा नंबरची रांगसुद्धा मान वळवून बघायला लागली. त्यांनी वाटी संपवली, पावाचा शेवटचा तुकडा वाटीच्या कडेने फिरवून खाल्ला, तोंड पुसलं.

"सूप पातळ आहे," ते म्हणाले.  "मीठ बरोबर. पण पातळ. पाव... पाव चांगला आहे. फार चांगला आहे गं."

 मला वाटलं, बायको आता रडते. पण ती म्हणाली, "मग लिहा."

"काय लिहू?"

"आत्ता बोललात तेच. जसंच्या तसं."

"अगं, पातळ आहे म्हणून पाटीवर?"

"बाबा, चाखलंत ना? मग लिहा."

त्यांनी लिहिलं. हात काठीवर टेकवूनही अक्षर जरा हललं. "पाव फार चांगला. सूप आज पातळ." मग शिडीवरून उतरता उतरता थांबले, पुन्हा चढले आणि खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ काढली: "उद्या पुन्हा चाखणार."

कोणीतरी हसलं. एक टक्कल पडलेले गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "पातळ म्हणजे किती पातळ, बघू तरी." त्यांच्यामागे दोघं. अर्ध्या तासात रांग फाटकाच्या दिशेने वळली होती. खाऊन झाल्यावर प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असायचं. कोणी म्हणे बटाटा घाल, कोणी म्हणे जास्त आटव, एका आजोबांनी तर मला त्यांच्या आईची सगळी कृती ऐकवली आणि मागची रांग खोळंबली. बायको प्रत्येकाला "हो का?" म्हणत होती आणि लक्ष देऊन ऐकत होती.

शनिवारी अकराच्या ठोक्याला सासरे कूपन घेऊन हजर. "आज घट्ट. पण मीठ विसरलीस." पाटी पुसली, तसंच लिहिलं. रविवारी ते दोन वाट्या प्यायले, दुसऱ्या वाटीचं कूपन घेऊन. पाटीवर "सूप आणि पाव" एवढंच लिहिलं, आणि माझी बायको टाकीमागे जाऊन पोटभर रडली. गाळा तिला मिळाला, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. अध्यक्षीणबाई तिन्ही दिवस येऊन जेवल्या आणि तिन्ही दिवस भांडल्या, की पहिल्या दिवशीचं सूप काही एवढं पातळ नव्हतं.

पण मला सांगायचंय ते रविवारी दुपारी चारचं. गर्दी ओसरली होती, आम्ही भांडी आवरत होतो. सासूबाईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं एक पातेलं काढलं. कधी केलं, कधी आणलं, आम्हाला पत्ता नाही. मागच्या शेगडीवर गरम केलं, ताटलीत भात वाढला, त्यावर माशाचा रस्सा घातला आणि ताटली सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली.

"पाटी नको," त्या म्हणाल्या. "नुसतं चाखा."

सासरे ताटलीकडे बघत राहिले. मग खायला लागले. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. आम्ही दोघं भांडी घासायचं सोंग करत होतो. ताटली रिकामी झाली.

"बोला," सासूबाई म्हणाल्या.

"मासा आजही जरा जास्त शिजलाय."

मी डोळे मिटले. वाटलं, झालं, पुन्हा सव्वीस वर्षं.

"माहितीये," सासूबाई म्हणाल्या. "मला तसाच आवडतो."

 मग सासऱ्यांनी विचारलं, "उद्या करशील?"

"उद्या मेळा कुठे आहे?"

"मेळ्याचं नाही म्हणत मी. घरी."

"तुम्ही असाल का घरी?" एवढं बोलून त्या पातेलं घेऊन नळाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सासऱ्यांना दोन हॉटेलांच्या पाट्या द्यायच्या होत्या, दोन्हीकडचे मालक सकाळपासून फोन करत होते. मी मीटर वाचत त्या बाजूला गेलो होतो म्हणून त्यांच्या घरी डोकावलो. फोन टेबलावर वाजत होता, आणि ते हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. साडेनऊच वाजले होते. मी म्हणालो, "बाबा, जेवायला अजून अवकाश आहे."

"असू दे," ते म्हणाले. "मी थांबतो."